भोंगाताईंचे चार फलाट

दारातून आत शिरण्याआधी चौकटीला एक टिचकी मारायची.

चहा ओतताना करंगळीचं टोक कपाच्या काठाच्या आत ठेवायचं. चटका बसला की थांबायचं. कुणी पाहिलंच तर म्हणायचं, "गरम आहे का बघतेय."

फोन उचलला की "हॅलो" नाही. "बोला." तेही अशा सुरात, की पलीकडच्याला आपण खिडकीसमोर रांगेत उभे आहोत असं वाटावं.

चपला टाचा भिंतीला लावून ठेवायच्या. पाहुण्यांच्यासुद्धा. त्यांनी पायांतून काढल्या न काढल्या तोच.

उशिरा आलेल्याला "आज विलंबाने धावताय" म्हणायचं.

रस्ता ओलांडताना कुणी मदतीला हात धरला तर तो झटकायचा आणि लगेच त्याच माणसाचं कोपर आपण पकडायचं. "चला, मी नेते तुम्हाला."

भोंगाताईंच्या या सवयी. यांतल्या काही जुन्या होत्या, काही नव्या. नव्या कोणत्या हे कुणाला कळू नये म्हणून त्या सगळ्याच सारख्या ठसक्यात पार पाडत.

बसस्थानकावर त्या उद्घोषक होत्या. तरुणपणी काचेच्या एका खोलीत माईकसमोर बसल्या त्या निवृत्त होऊनच उठल्या. गावातल्या प्रत्येकाला त्यांचा आवाज ठाऊक होता. चेहरा कुणालाच नाही. दुकानात "अर्धा किलो द्या" म्हटलं की दुकानदार दचकून वर पाहायचा आणि उगाच सामान सावरायचा. 'भोंगाताई' हे नाव चालक-वाहकांनी मागून ठेवलं होतं. एक दिवस त्यांनी ते स्वतःच माईकवरून वापरलं. "भोंगाताई चहाला जात आहेत. त्या येईपर्यंत गाड्यांनी आपापल्या अकलेने सुटावं." त्यानंतर मागून बोलण्यात कुणाला मजा उरली नाही.

त्या काचेतून आयुष्यभर डांबर दिसलं. डांबरावर तेलाचे डाग, डागांवर माती, मातीवर पुन्हा तेल. म्हणून घर बांधलं ते तीन बाजूंनी हिरवळ सोडून. लग्न केलं नव्हतं. घर केलं. असं त्याच म्हणत.

घराला रंग लागत होता तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत राहील, कडेचं हळूहळू मिटत जाईल. थेंब घातले तर वेग कमी होईल. गेलेलं परत येणार नाही.

"किती वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

भोंगाताईंना संताप आला. कुठली गाडी कधी येईल हे लोकांना सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. आणि हा माणूस समोर एवढं भारी यंत्र मांडून सांगता येत नाही म्हणतो.

त्यांनी हे एकाच व्यक्तीला सांगितलं. मागच्या गल्लीत एक मुलगी राहायची. साहित्यात एम. ए. झालेली, नोकरी शोधणारी. तिला त्या कागदपत्रं वाचून दाखवायला बोलवत. बारीक अक्षर आता त्रास द्यायचं. मुलीला सांगण्याचं कारणही स्पष्ट होतं. "तू कुणाला सांगितलंस तरी कुणाला खरं वाटणार नाही. तुम्ही साहित्यवाले."

सांगायचं नव्हतं ते एकाच माणसाला. थोरल्या भावाला. दादाला.

दादांनी आपल्या घरी तळमजल्यावर एक खोली तयार ठेवली होती. भिंतीला धरायला दांडे, न्हाणीघर लागून, खिडकी पूर्वेला. खोली खरोखरच चांगली होती, हवेशीर होती. राग त्याचाच यायचा. वाईट खोलीला नाही म्हणणं सोपं असतं. दादांना डोळ्यांचं कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी ट्रक बोलावला असता, नवं घर भाड्याने दिलं असतं आणि भोंगाताई दांडा धरून न्हाणीघरात गेल्या असत्या. मरेपर्यंत. प्रेमाने.

म्हणून त्यांनी घर असं करायचं ठरवलं, की डोळे मिटले तरी त्यात चालता यावं. प्रत्येक खोलीला आवाज हवा. बागेच्या प्रत्येक बाजूला पाणी हवं, आणि त्या पाण्यालाही आवाज हवा. तो ऐकून समजलं पाहिजे, आपण कुठे आहोत.

"म्हणजे कानाडोळाच," मुलगी म्हणाली.

भोंगाताई खूश झाल्या. "बरोबर. आतापर्यंत लोकांकडे केला. आता घरात बसवून घेते."

पण बसवणार कोण, हा प्रश्न होता. पाण्याचं काम करणारे आणि आवाजाचं काम करणारे बोलवायचे होते. दादांनी ताबडतोब त्यात उडी घेतली.

"ठमे, एकटी बाई बघितली की हे लोक टोपी घालतात. मी बसतो समोर."

ठमी हे त्यांचं लहानपणचं नाव. जगात ते आता दादांच्याच तोंडात उरलं होतं.

"बस," भोंगाताई म्हणाल्या. "पण तोंडाला कुलूप लावून बस."

पहिला आला तो दादांच्या ओळखीचा. त्याची मोठी कंपनी होती. पाणी आणि संगीत दोन्ही एकाच पॅकेजमध्ये. बूट करकरत होते. त्याने हातातली काचेची पाटी उघडली आणि सांगायला सुरुवात केली. स्पीकर छतात बसतील, दिसणारसुद्धा नाहीत. स्प्रिंकलर जमिनीतून वर येतील, काम झालं की आत जातील. आणि आवाज? बिलकूल नाही. शेजाऱ्याला कळणार नाही की पाणी चालू आहे.

"मला कळेल का?" भोंगाताईंनी विचारलं.

"फोनवर दिसेल ना सगळं," तो म्हणाला.

पण हे तो दादांना म्हणाला. भोंगाताईंना त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, खिडकीचा उजेड मागे होता. त्यांना आवाज दिसला. प्रश्न त्यांनी केला आणि उत्तर वळून सोफ्याच्या डाव्या टोकाला गेलं. तिथे दादा बसले होते.

त्यांनी खात्री करून घेतली. "पाइप किती खोल घालणार?"

"सर, आपण साधारण वीतभर जातो," उत्तर पुन्हा डावीकडे गेलं.

"आणि मी हे घर विकून पळून गेले तर?"

"नाही नाही, सर, वॉरंटी आहे."

"चहा घेऊन जा," भोंगाताई उठत म्हणाल्या. "सरांना द्या आधी."

तो गेल्यावर दादा भडकले. "एवढा चांगला माणूस! काय खुपलं तुला त्याच्यात?"

"मी त्याच्यासाठी भिंत होते. भिंतीवर काय बसवायचं ते तो तुला सांगत होता."

पुढचे दिवस असेच गेले. एक पाणीवाला आला, त्याची जाहिरात अशी की त्याचं पाणी धुक्यासारखं पडतं, गवताला कळतही नाही. दुसऱ्याने सांगितलं, सगळं घड्याळावर, तुम्ही विसरून जा. "मला विसरायचं नाहीये," भोंगाताई म्हणाल्या. आवाजाचं काम करणारा एक जण स्पीकर दगडाच्या आकारात बनवून देणार होता, बागेत ठेवला तर दगडच वाटेल. "आणि मी त्याला ठेचकाळले तर दगडालाच लागेल का?" तो हसला. दादांकडे पाहून हसला. तोही गेला.

सगळे आपापल्या कामाची एकच बढाई मारत. दिसणार नाही. ऐकू येणार नाही. आहे असं वाटणार नाही. भोंगाताईंना वाटायचं, हे माझ्याच म्हातारपणाचं वर्णन चाललंय.

पाणीवाला शेवटी मिळाला तो क्रीडांगणाच्या गवताला पाणी देणारा. वाळका, मान खाली. तो दादांशीही बोलला नाही आणि भोंगाताईंशीही नाही. जमिनीशी बोलला. टाच रुतवून बघत म्हणाला, "इथे मुरूम टाकलाय. पाणी थांबणार नाही."

"आवाज करणारा फवारा आहे का तुमच्याकडे?"

"पितळी आहे. जुना. दट्ट्या आपटत फिरतो. चक चक चक. आता कुणी घेत नाही. लोकांची झोपमोड होते."

"तोच हवा."

मान पहिल्यांदा वर आली. "का?"

"मला आवडतो."

"बरं," तो जमिनीला म्हणाला. का हे त्याने पुन्हा कधीच विचारलं नाही. भोंगाताईंना त्याच्यात तेच आवडलं.

आवाजवाल्याची निवड मात्र दादांना अजिबात पटण्यासारखी नव्हती. तो बसस्थानकावरचे भोंगे दुरुस्त करणारा जुना वायरमन होता. नोकरीत असताना त्याचं आणि भोंगाताईंचं हाडवैर. बोलण्याआधी माईकवर बोटाने दोनदा टकटक करायची त्यांची सवय. त्या टकटकीने माईकचा पडदा फाटतो म्हणून तो तक्रार करायचा आणि त्या अजून जोरात टकटक करायच्या. त्याला बोलावलं तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "माईकला हात लावणार नसाल तर आत येतो."

"माझं घर, माझा माईक."

"मग बिघडला की मला बोलवायचं नाही."

"दुसऱ्या कुणाला बोलवेन का?"

तो आत आला. चहा न घेता भिंती ठोकायला लागला. दादांनी मध्येच विचारलं, "किती दिवस लागतील?" तो भोंगाताईंकडे वळून म्हणाला, "हे कोण?"

दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला असावा. भोंगाताईंना तो दिसला नाही. त्याची हळहळ त्यांना बरेच दिवस होती.

काम सुरू झालं. दोन्ही कामगार एकाच वेळी घरात आणि बागेत, आणि दोघांच्या तोंडी एकच शब्द. झोन. पाणीवाला म्हणे एक नंबर झोनला चर खणतोय. वायरमन म्हणे एक नंबर झोनची वायर कुणी दाबली? भोंगाताईंनी दोघांना ओट्यावर उभं केलं.

"या घरात झोनबीन नाहीत. या घरात फलाट आहेत. मला फलाट कळतात. उद्यापासून हाच शब्द."

दोघांनी माना डोलावल्या. आणि दोघांनी आपापले फलाट मोजले.

वायरमनने पुढच्या दारापासून मोजले. फलाट एक बैठकीची खोली, दोन स्वयंपाकघर, तीन मागचं दार, चार फाटक. पाणीवाल्याने टाकीपासून मोजले, आणि टाकी होती मागे. त्याचा फलाट एक मागची बाग, दोन बाजूची पट्टी, तीन पुढची हिरवळ. कुणी कुणाला विचारलं नाही. दोघेही फलाट म्हणत होते, भोंगाताई खूश होत्या.

घरातल्या बोळात भिंतीवर दोन पेट्या बसल्या, एक पाण्याची, एक आवाजाची. गोल फिरवायची बटणं, मोठी, हाताला लागतील अशी. दोन्ही पेट्या हुबेहूब एकसारख्या हव्यात हा भोंगाताईंचा हट्ट.

"एकसारख्या केल्यात तर एक दिवस बोलणं उघडायला जाल आणि पाऊस पडेल," वायरमन म्हणाला.

"पडू दे. मी कधी फलाट चुकलेय?"

तो काहीतरी आठवून बोलणार होता. मग बोलला नाही.

झोपायच्या खोलीत स्पीकर लावू दिला नाही. "तिथे मी ड्यूटीवर नसते."

मग ध्वनिमुद्रण. प्रत्येक दाराला एक लहानसा चुंबक बसवला होता. दार उघडलं की त्या जागेचा स्पीकर बोलणार. काय बोलणार ते भोंगाताईंनी स्वतःच्या आवाजात भरलं. टकटक करून. वायरमनने कपाळावर हात मारला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. आपण स्वयंपाकघरात पोचला आहात. शेगडी उजव्या हाताला आहे. दूध उतू गेल्यास प्रशासन जबाबदार नाही."

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. मागच्या दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत. आपलं वय लक्षात घेऊन उतरावे."

"आपलं कुणाचं?" मुलीने विचारलं.

"माझं नाही," भोंगाताई म्हणाल्या. "जो उतरेल त्याचं."

फाटकाचं तेवढं राहिलं. तिथला स्पीकर येणाऱ्या माणसाशी बोलणार होता. काय म्हणायचं ते ठरेना. "कामाशिवाय आत येऊ नये" हे फार सरकारी वाटलं. "या, बसा" फार गोड. मुलीने एक लांबलचक वाक्य लिहून आणलं, त्यात उंबरठा होता, पाखरं होती. भोंगाताईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "छान आहे. पण हे संपेपर्यंत माणूस निघून जाईल."

वायरमनने फाटकाच्या खांबावर स्पीकर एका स्क्रूवर तात्पुरता लटकवला. "ठरलं की सांगा. उंची तुम्ही ऐकून सांगणार आहात ना?"

"सांगते. घाई काय आहे?"

दादांना कळायचं ते कळलंच. कुणी सांगितलं नाही. त्यांच्या घरी जेवताना वहिनींनी डावीकडून ताट सरकवलं आणि भोंगाताईंचा हात त्यात गेला. त्या म्हणाल्या, "लक्ष नव्हतं."  थोड्या वेळाने दादांनी मुद्दाम मिठाची बाटली त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली आणि पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी नव्या घराच्या फाटकात उभे राहिले. दादांच्या अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट होता. महत्त्वाचं काम असलं की ते तसा घालत.

"ठमे, तुला दिसत नाही."

"कमी दिसतं."

"तेच ते."

"तेच ते नाही. गाडी उशिरा येणं आणि गाडी रद्द होणं, यात फरक असतो. मी आयुष्यभर लोकांना तो समजावून सांगितलाय. आता तुला सांगते."

"शब्दांशी खेळू नकोस. भाडेकरू बघितलाय मी. खोली तयार आहे. आणि हे खेळणं," त्यांनी बागेकडे हात केला असावा, "उद्या पायात पाइप अडकून पडलीस तर कोण उचलणार?"

"पाइप वीतभर खाली आहेत. तुझ्याच माणसाने सांगितलं होतं, तेवढेच."

"मी आई नाही तुझी, पण आईला मी शब्द दिलाय."

 ही गोष्ट भोंगाताईंना माहीत होती. आई गेली तेव्हा दादा नुकता मिशा फुटलेला मुलगा होता. तेव्हापासून तो जो बाप झाला तो झालाच.

"दादा," त्या म्हणाल्या, "वहिनीची ओढणी घे. माझे डोळे बांध. पूर्ण. मी मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालून तुझ्यापर्यंत येते. तू पुढे हिरवळीवर उभा राहा, कुठेही. अडखळले तर ट्रक बोलव. नाही अडखळले तर ठमी म्हणायचं बंद."

"हा काय पोरखेळ!"

"बांधा हो," वहिनी म्हणाल्या. "बघू तरी."

वहिनी एरवी बोलत नसत. दादा बांधायला लागले. गाठ हळू मारली त्यांनी. मग ते पुढे गेले. कुठे उभं राहणार ते सांगितलं नाही, आवाज येऊ नये म्हणून बूटही अलगद टाकले.

भोंगाताई बोळात आल्या. बैठकीच्या खोलीचा आणि स्वयंपाकघराचा स्पीकर चालूच होता. मागच्या दाराचा तेवढा सुरू करायचा होता. फलाट तीन. त्यांनी भिंतीवर हात फिरवला, पेटी लागली. बटणं मोजली. एक, दोन, तीन. फिरवलं.

मागचं दार गप्प राहिलं.

पुढे, हिरवळीवर, पितळी फवारा जागा झाला. चक. चक चक. चक चक चक.

"अगं! अगं ए!" दादांची किंकाळी. "बंद कर! ठमे!"

भोंगाताई बोळात थिजल्या. काय झालं ते एका क्षणात कळलं. हात पाण्याच्या पेटीवर होता. फलाट चुकला होता. नोकरीत एकदाच चुकला होता, तेव्हा एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड भलत्याच गाडीत बसलं होतं. वायरमन पेट्या बसवताना तेच बोलणार होता आणि गप्प राहिला होता.

बटण पुन्हा फिरवलं असतं तर पाणी थांबलं असतं. पण पाणी थांबलं असतं तर ट्रक आला असता.

त्यांनी हात काढून घेतला आणि कान दिला.

चक चक चक चक. मग एके ठिकाणी चक नाही. थप्. मग पुन्हा चक चक चक. फवारा फिरून यायचा आणि त्याच जागी पुन्हा थप्. पाणी गवतावर पडत होतं तोवर ते एका सुरात होतं. जिथे थप् होत होतं तिथे गवत नव्हतं, कडक इस्त्रीचा शर्ट होता.

भोंगाताई मागच्या दाराने गेल्याच नाहीत. पुढच्या दाराच्या चौकटीला टिचकी मारली, पायरी उतरल्या, आणि थपच्या दिशेने सरळ चालायला लागल्या. पाणी त्यांच्याही अंगावर आलं. फवारा पुढे गेला. त्या थांबल्या नाहीत. पायाखालचं गवत ओलं झालं, मग चिखल. एकदा पाय घसरला आणि पुन्हा जागेवर आला. शेवटच्या थपला त्यांनी हात पुढे केला. हात दादांच्या खांद्यावर पडला. शर्ट चिकटला होता.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," त्या म्हणाल्या. "फलाट चुकला."

वहिनी हसल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. "अहो, निदान बाजूला तरी सरकायचंत! पुतळ्यासारखे उभे काय राहिलात!"

"मी का सरकू?" दादा ओरडले. "ती हलू नको म्हणाली होती!"

"मी तसं म्हटलंच नव्हतं," भोंगाताई म्हणाल्या. ओढणी अजून डोळ्यांवर होती.

चक चक चक थप्. आता तो थप् दोघांचा होता.

दादांनी तोंडावरचं पाणी निपटलं. मग त्यांचा आवाज खाली आला, लहानपणी यायचा तसा. "टॉवेल आण."

"कुठून?"

"तुझं घर आहे. तुला माहीत असेल."

भोंगाताई वळल्या. डोळे बांधलेलेच. आत गेल्या. "आपण स्वयंपाकघरात पोचला आहात," असा त्यांचाच आवाज बाहेर ऐकू आला. थोड्या वेळाने त्या टॉवेल घेऊन परत आल्या आणि तो थेट दादांच्या हातात दिला. मगच ओढणी सोडली.

ट्रक आला नाही. ठमी मात्र दादा म्हणतच राहिले. त्यावर तडजोड झाली नाही. आणि त्यांनी एकदा वहिनींना न सांगता येऊन आपल्या घरच्या त्या खोलीतला एक दांडा भोंगाताईंच्या न्हाणीघरात लावून दिला. भोंगाताईंनी त्याला टॉवेल लटकवला.

वायरमनने दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पेटीवर कोटाचं एक मोठं बटण चिकटवलं. हाताला कळेल असं. "मी बोललो होतो," एवढंच म्हणाला.

"तू बोलला नाहीस," भोंगाताई म्हणाल्या. "बोलणार होतास. बोलायला हवं होतंस."

त्या घरात त्या दोन उन्हाळे राहिल्या. डाव्या बाजूचं बरंचसं मिटलं. मुलगी कागद वाचायला यायची तेव्हा त्या तिला आता दारावरून ओळखत, ढकलण्याच्या पद्धतीवरून. सकाळी पाणी सोडायच्या. आधी मागचं, मग बाजूचं, मग पुढचं. मग खुर्ची हिरवळीच्या कडेला ठेवून चकचक ऐकत बसायच्या. शेजाऱ्यांनी एकदा झोपमोडीची तक्रार केली. त्यांनी उत्तर दिलं, "सकाळची गाडी आहे ती. वेळेवर सुटते. तुम्ही उठा."

दादा दर आठवड्याला यायचे. फाटकात क्षणभर थांबायचे. खांबावर एका स्क्रूवर लटकलेल्या स्पीकरकडे पाहायचे. "हे अजून बोलत नाही?"

"विचार चाललाय."

"एवढा कसला विचार?"

"आत येणाऱ्याला काय म्हणायचं हे सोपं नसतं, दादा. आयुष्यभर मी जाणाऱ्यांनाच सांगत आले."

त्या गेल्या त्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी. सकाळी, स्वयंपाकघरात. हृदय थांबलं. पडल्या नव्हत्या, अडखळल्या नव्हत्या. शेगडी बंद होती. खुर्चीवर बसलेल्या होत्या. डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी दादांना हे दोनदा सांगितलं. दादांनी तिसऱ्यांदा विचारलं.

पुढची हिरवळ तोवर भिजत होती. पाणी बंद करायला कुणालाच सुचलं नाही. शेवटी पाणीवाल्याला फोन गेला आणि तो म्हणाला, कोटाचं बटण लावलेली पेटी, फलाट तीन.

नंतर एकदा दादांनी वायरमनला बोलावलं. फाटकाचा स्पीकर काढायचा का, असं विचारायला. मुलगी तिथेच होती.   वायरमन म्हणाला, आधी बघू तर लाइन चालू आहे का. बोळात जाऊन त्याने आवाजाच्या पेटीचं चौथं बटण फिरवलं. दादांनी फाटक उघडलं.

टक. टक.

वायरमनने डोळे मिटले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," खांब म्हणाला. "आपण आता..." मग बराच वेळ काही नाही. आवाजामागे फक्त पुढच्या हिरवळीवरची, भरताना आलेली चकचक. मग, "छे. हे नको. परत घेऊ. उद्या."

दादा फाटकाच्या आत एक पाय, बाहेर एक पाय, असे उभे राहिले.

वायरमनने खिशात हात घातला, तिथे ठेवलेले उरलेले तीन स्क्रू काढले, बघितले आणि परत खिशात टाकले. स्पीकर अजून एका स्क्रूवरच लटकलेला आहे. उंची भोंगाताईंनी ऐकून सांगायची होती.